टोलेडो नगरीतील एक दिवस

स्पेन देशाची राजधानी माद्रिद. तिच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरांवर टोलेडो नावाचे एक पुरातन नगर आहे. तेथील लोक या नावाचा उच्चार 'तोलेदो' असा करतात. माद्रिदहून निघणारी वेगवान आगगाडी प्रवाशाला सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचविते. त्यामुळे सकाळी यावे, दिवसभर नगर पाहावे आणि सायंकाळी परतावे, असा बहुतेक प्रवाशांचा क्रम असतो. नगर लहान असल्याने ते एका दिवसात पायी हिंडून पाहता येते. मात्र पाहण्यासारखे तेथे इतके आहे, की एवढ्याशा अवधीत प्रवाशाला सुमारे दोन हजार वर्षांच्या इतिहासाचे दर्शन घडते.

टोलेडोची जागा पाहताच पूर्वीच्या राजांनी ती का निवडली असेल, हे ध्यानात येते. नगर एका खडकाळ टेकडीवर वसलेले आहे. या टेकडीला पूर्व, दक्षिण व पश्चिम अशा तीन बाजूंनी ताहो नदीने घोड्याच्या नालेसारखा वेढा घातला आहे. नदी खोल दरीतून वाहते आणि नगर तिच्या पात्रापासून सुमारे १०० मीटर उंच आहे. उत्तरेकडून तेवढा जमिनीवरचा मार्ग आहे आणि त्या बाजूस भक्कम तट व दरवाजे बांधलेले आहेत. हे नगर लहान असले तरी जागेच्या बळावर सुरक्षित आहे, अशी नोंद रोमन इतिहासकार लिव्ही याने केली आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन सैन्याने टोलेडो जिंकले. रोमन सत्ता लयास गेल्यावर सहाव्या शतकात व्हिसिगॉथ राजांनी येथे आपली राजधानी केली. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमानांच्या सेना स्पेनमध्ये उतरल्या आणि लवकरच हे नगर त्यांच्या हाती गेले. पुढे सुमारे पावणेचारशे वर्षांनी, १०८५ मध्ये, कॅस्टीलचा ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याने ते घेतले. राज्यकर्ते बदलत गेले. परंतु ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू अशा तीन धर्मांचे लोक या नगरात शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहत होते. टोलेडो पाहणे म्हणजे या तीन समाजांच्या खुणा शोधीत हिंडणे होय.

प्रवाशाचा दिवस रेल्वेस्थानकापासूनच सुरू होतो. १९१९ मध्ये उघडलेली स्थानकाची इमारत जुन्या मूर पद्धतीच्या विटकामाने, कमानींनी व रंगीत काचांनी सजविलेली आहे. तेथून थोडे चालले, की नदीवरचा अल्कांतरा पूल येतो. मुळात येथे रोमनांचा पूल होता. पुढे मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही राजवटींत त्याची पुन्हा पुन्हा बांधणी झाली. त्याचे नावही मोठे मौजेचे आहे. अरबी भाषेत 'अल्-कंतरा' म्हणजे पूल. तेव्हा 'अल्कांतरा पूल' या नावाचा अर्थ 'पूल पूल' असा होतो! अरबी बोलणारे लोक गेले, तरी त्यांचे शब्द स्पॅनिश भाषेत असे कायमचे राहून गेले आहेत.

पुलावर उभे राहून खाली नदीकडे आणि वर नगराकडे पाहिले, की एक प्रश्न मनात येतो. एवढ्या उंच नगरात पूर्वी पाणी कसे नेत असतील? पुष्कळ काळ पाणके गाढवांवर घडे लादून चढ चढत असत. सोळाव्या शतकात हुआनेलो तुरियानो नावाच्या इटालियन कारागिराने हा प्रश्न सोडविण्याचे मनावर घेतले. हा सम्राट पाचवा चार्ल्स याचा घड्याळजी होता. नदीच्या प्रवाहाने मोठी चाके फिरवावी, त्या चाकांनी लाकडी भुजांची एक लांबच लांब रांग हलवावी आणि त्या भुजांवरील डावासारख्या पात्रांनी आपले पाणी क्रमाक्रमाने वरच्या पात्रात ओतावे, अशी त्याची योजना होती. १५६९ मध्ये हे यंत्र चालू झाले आणि नदीचे पाणी सुमारे १०० मीटर चढून टेकडीवरील राजवाड्याजवळ पोहोचले. यंत्राचे सर्वत्र कौतुक झाले. पण सारे पाणी राजवाड्यालाच मिळते, मग आम्ही पैसे का द्यावे, असे म्हणून नगराने कारागिराचे पैसे दिले नाहीत. हुआनेलोने स्वतः कर्ज काढून नगरासाठी दुसरे यंत्र उभारले. तरीही त्याचे घेणे त्याला वेळेवर मिळाले नाही आणि १५८५ मध्ये हा बुद्धिमान पुरुष टोलेडोतच दारिद्र्यात मरण पावला. त्याची यंत्रे पुढे मोडकळीस आली व नाहीशी झाली.

पुलावरून चढ चढून गेल्यावर सोकोदोवेर नावाचा चौक लागतो. हे नावही अरबीच आहे. 'जनावरांचा बाजार' असा त्याचा अर्थ असून पूर्वी येथे घोडे, खेचरे व गाढवे विकली जात. आज या चौकात उपाहारगृहे आहेत आणि प्रवासी येथे क्षणभर विसावतात. चौकाजवळच अल्काझार नावाचा चार बुरुजांचा प्रचंड राजवाडा उभा आहे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या आरंभी, १९३६ मध्ये, सरकारविरुद्ध उठलेले सैनिक या वास्तूत ठाण मांडून बसले आणि सरकारी सैन्याने तिला दोन महिन्यांहून अधिक काळ वेढा दिला. तोफा व सुरुंग यांच्या माऱ्याने राजवाड्याचे बहुतांशी ढिगारे झाले. नंतर तो पुन्हा पूर्ववत बांधण्यात आला. २०१० पासून तेथे लष्करी संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यांवर सार्वजनिक ग्रंथालय आहे. जेथे तोफा धडधडल्या, तेथे आज मुले पुस्तके वाचीत बसतात.

चौकातून उत्तरेकडे उतरत गेले, की एक लहानशी मशीद लागते. तिची प्रत्येक बाजू जेमतेम आठ मीटर आहे. इ. स. ९९९ मध्ये ती बांधली गेली आणि हे आपणांस तिच्या भिंतीवरूनच कळते. कारण बांधणाऱ्यांनी विटा रचतानाच त्यांतून अरबी अक्षरे उठविली आहेत. आत चार खांब आहेत. त्यांचे वरचे भाग त्याहूनही जुन्या, व्हिसिगॉथ काळातील इमारतींमधून आणलेले आहेत. चार खांबांमुळे छताचे नऊ भाग पडले असून त्या प्रत्येक भागातील घुमटीची रचना निराळी आहे. बाराव्या शतकात या मशिदीचे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले आणि तिला मागील बाजूस नवा भाग जोडण्यात आला. तो जोडताना गवंड्यांनी जुन्या इमारतीशी जुळेल असेच विटकाम केले. कारण स्पष्ट आहे. राजा बदलला, तरी गवंडी तेच होते आणि त्यांच्या हातातील कसबही तेच होते. ख्रिस्ती राजवटीत मूर पद्धतीने केलेल्या अशा बांधकामाला 'मुदेहार' म्हणतात. टोलेडोतील अनेक चर्चचे मनोरे याच पद्धतीचे आहेत.

दुपारपूर्वी प्रवासी नगराच्या मध्यभागी असलेल्या महामंदिराकडे वळतो. टोलेडोचे हे कॅथीड्रल स्पेनमधील मोठ्या ख्रिस्ती मंदिरांपैकी एक आहे. त्याचे बांधकाम १२२६ मध्ये सुरू झाले व १४९३ मध्ये संपले. म्हणजे ज्यांनी पाया घातला, त्यांच्या पणतूंच्या पणतूंनी कळस पाहिला! मंदिराची लांबी सुमारे १२० मीटर असून त्याचा मनोरा सुमारे ९० मीटर उंच आहे. आत गेल्यावर उंच खांबांच्या रांगा आणि रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश पाहून माणूस आपोआप हळू बोलू लागतो. अठराव्या शतकात एका शिल्पकाराने तर मंदिराच्या छताला मोठे भोक पाडून सूर्यप्रकाश थेट वेदीच्या मागे पडेल अशी योजना केली. त्या प्रकाशात संगमरवरी देवदूत ढगांतून उतरत असल्याचा भास होतो. मंदिराच्या खजिन्यात सोन्याचांदीचे सुमारे तीन मीटर उंचीचे एक पूजापात्र आहे. अमेरिकेतून आलेल्या पहिल्या सोन्याचा अंश त्यात आहे, असे परंपरेने सांगतात.

परंतु या वैभवात एक साधी मूर्ती आहे, तिच्याकडे प्रवाशाने अवश्य पाहावे. मुख्य वेदीजवळच्या एका खांबावर एका मुसलमान धर्मशास्त्र्याचा पुतळा आहे. ख्रिस्ती मंदिरात मुसलमान शास्त्र्याचा पुतळा कसा, याविषयी एक आख्यायिका आहे. सहाव्या अल्फोन्सोने नगर घेतले, तेव्हा येथे मोठी मशीद होती व ती मुसलमानांकडेच राहील असे वचन त्याने दिले होते. तो परगावी असताना राणी व धर्माध्यक्ष यांनी मशीद बळकावली. वचनभंगाची वार्ता ऐकून राजा संतापला आणि अपराध्यांना कठोर शासन करण्यासाठी परत निघाला. तेव्हा अबू वलीद नावाचा शास्त्री वाटेत त्याला सामोरा गेला. ज्यांनी आमची मशीद घेतली, त्यांना क्षमा करावी, अशी त्याने राजाला विनवणी केली. सूड घेतला तर नगरात वैर कायमचे राहील, हे त्याने ओळखले होते. आख्यायिकेतील तपशील खरे असोत वा नसोत. ज्याच्याकडून मशीद घेतली, त्याच्या औदार्याची आठवण ती घेणाऱ्यांनी आपल्या मंदिरात जपून ठेवली, ही गोष्ट मात्र खरी आहे.

टोलेडोची खरी कीर्ती दगडी इमारतींपेक्षाही एका वेगळ्या कामामुळे पसरली. ते काम म्हणजे भाषांतराचे. ग्रीक पंडितांचे गणित, ज्योतिष, वैद्यक व तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथ अरबांनी आपल्या भाषेत आणले होते आणि त्यांत स्वतःच्या संशोधनाची मोलाची भर घातली होती. पश्चिम युरोपात त्यांपैकी अनेक ग्रंथांची नावेही कोणास ठाऊक नव्हती. टोलेडो ख्रिस्ती राजाकडे आले, तेव्हा येथील अरबी ग्रंथसंग्रह व अरबी जाणणारे लोक नगरातच होते. बाराव्या शतकात धर्माध्यक्ष रेमंड याने भाषांतराच्या कामास आश्रय दिला आणि युरोपच्या कानाकोपऱ्यांतून विद्वान टोलेडोस येऊ लागले. इंग्लंडचा डॅनिएल मोर्ले प्रथम पॅरिसला गेला. तेथील अध्यापनाने त्याचे समाधान झाले नाही. म्हणून तो टोलेडोस आला आणि जाताना पुष्कळ ग्रंथ बरोबर घेऊन गेला.

या विद्वानांत क्रेमोनाचा जेरार्ड हा अग्रगण्य होय. टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा खगोलशास्त्रावरील ग्रंथ वाचण्याच्या ओढीने तो इटलीहून टोलेडोस आला. येथे ग्रंथ मिळाला, पण तो अरबीत. तेव्हा त्याने अरबीचा अभ्यास केला आणि तो आपला देश सोडून मरेपर्यंत याच कामात रमला. ११७५ मध्ये 'अल्माजेस्ट'चे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले. ११८७ मध्ये त्याचे निधन झाले, तोवर त्याच्या हातून सत्तरांहून अधिक ग्रंथांची भाषांतरे झाली होती. त्यांत युक्लिडची भूमिती होती आणि इब्न सीना याचा वैद्यकावरील महान ग्रंथही होता. हा वैद्यकग्रंथ युरोपातील विद्यापीठांत पुढे अनेक शतके शिकविला जात असे.

भाषांतराची येथील एक पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अरबी जाणणारा ज्यू अथवा ख्रिस्ती पंडित अरबी ग्रंथ पुढे घेऊन त्यातील अर्थ नगरातील बोलीभाषेत तोंडाने सांगे आणि शेजारी बसलेला लॅटिन पंडित तो लॅटिनमध्ये उतरवून घेई. ग्रंथ मुसलमानाचा, सांगणारा ज्यू, लिहिणारा ख्रिस्ती! एकट्याला जे साधले नसते, ते तिघांच्या साहाय्याने साधले.

या ज्ञानयात्रेत आपल्या भारताचाही वाटा आहे. टोलेडोचा काझी साईद अल्-अंदलुसी याने १०६८ मध्ये जगातील निरनिराळ्या राष्ट्रांच्या विद्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. ज्यांनी शास्त्रांची जोपासना केली अशी आठ राष्ट्रे त्याने सांगितली असून त्यांत पहिले स्थान भारताला दिले आहे. भारतीयांची गणनपद्धती, बुद्धिबळाचा खेळ आणि त्यांच्या बोधकथा यांचा त्याने गौरवाने उल्लेख केला आहे. नऊ अंक व शून्य यांच्या साहाय्याने कोणतीही संख्या लिहिण्याची भारतीय रीत नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी याने अरबीत विशद केली होती. तिच्यावरील ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आले, त्या कामात टोलेडोच्या विद्वानांचा मोठा हातभार होता. ही रीत युरोपात या एकाच वाटेने गेली असे नाही. पिसा येथील लिओनार्डो याने १२०२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथानेही तिचा मोठा प्रसार केला. परंतु टोलेडो हे तिच्या मार्गावरील एक महत्त्वाचे ठाणे होते, यात शंका नाही.

बोधकथांचा प्रवास तर याहून मनोरंजक आहे. पंचतंत्रातील करटक व दमनक हे दोन कोल्हे आपल्या परिचयाचे आहेत. सहाव्या शतकात इराणातील बुर्झोय नावाच्या वैद्याने या कथा पेहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या, तेव्हा करटक-दमनकांचे 'कलीला व दिम्ना' झाले. पुढे, १२५१ च्या सुमारास, राजपुत्र अल्फोन्सोच्या इच्छेवरून हे ग्रंथरत्न कॅस्टीलच्या भाषेत, म्हणजे आजच्या स्पॅनिश भाषेच्या जुन्या रूपात आले. हा राजपुत्र टोलेडोतच जन्मला होता. तोच पुढे 'विद्वान' या बिरुदाने प्रसिद्ध झालेला दहावा अल्फोन्सो होय. लॅटिन न जाणणाऱ्या लोकांनाही वाचता यावे, म्हणून त्याने अनेक ग्रंथ लोकभाषेत करविले. त्याच्या आज्ञेने दोन ज्यू ज्योतिर्विदांनी ग्रहांच्या गतीची जी कोष्टके तयार केली, ती युरोपात सुमारे तीनशे वर्षे वापरात होती. कोपर्निकसाच्या संग्रहीही त्यांची एक प्रत होती.

दुपार कलली, की प्रवासी नगराच्या पश्चिम भागाकडे निघतो. टोलेडोच्या गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या व चढउताराच्या आहेत. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. नवख्या माणसाला येथे वाट चुकल्याशिवाय राहत नाही. परंतु या अरुंदपणात सोय आहे. उन्हाळ्यात येथील ऊन कडक असते आणि उंच भिंतींच्या सावलीमुळे गल्ल्या गार राहतात.

या वाटेवर सांतो तोमे नावाचे लहानसे चर्च आहे. तेथे एकच चित्र पाहण्यासाठी लोकांची रांग लागते. १५८६ ते १५८८ या काळात हे चित्र एल् ग्रेको याने रंगविले. 'एल् ग्रेको' म्हणजे 'ग्रीक माणूस'. क्रीट बेटावर जन्मलेला हा चित्रकार १५७७ मध्ये टोलेडोस आला व १६१४ मध्ये येथेच निवर्तला. एका दानशूर सरदाराच्या दफनप्रसंगी दोन संत स्वर्गातून उतरून त्याचा देह स्वतःच्या हातांनी उचलतात, असा चित्राचा विषय आहे. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात काळ्या पोशाखातील नगरवासी गंभीरपणे उभे आहेत आणि वरच्या भागात स्वर्गाचे दार उघडले आहे. डाव्या कोपऱ्यात एक लहान मुलगा आपणांकडे बोट दाखवीत नव्हे, तर प्रेताकडे बोट दाखवीत उभा आहे. तो चित्रकाराचा स्वतःचा पुत्र होय. त्याच्या खिशातील रुमालावर त्याच्या जन्माचे वर्षही लिहिलेले आहे.

येथून पुढे ज्यू लोकांची जुनी वस्ती सुरू होते. त्यांची दोन प्रार्थनामंदिरे, म्हणजे सिनेगॉग, आजही उभी आहेत. पहिले सुमारे १३५७ मध्ये राजाचा खजिनदार सॅम्युएल हा-लेव्ही याने बांधविले. त्याच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात नाजूक वेलबुट्टी कोरलेली आहे. त्या वेलबुट्टीत हिब्रू वचने आहेत, अरबी अक्षरे आहेत आणि कॅस्टीलच्या ख्रिस्ती राजाचे राजचिन्हही आहे. पुढे राजाची मर्जी फिरली आणि हाच खजिनदार कैदेत हालहाल होऊन मेला. दुसरे सिनेगॉग त्याहून जुने आहे. आत शिरताच पांढऱ्याशुभ्र अष्टकोनी खांबांच्या रांगा व त्यांवरील नालेच्या आकाराच्या कमानी दिसतात. ज्यूंच्या या मंदिरात मुसलमान कारागिरांची शैली आहे आणि त्याचे आजचे नाव 'सांता मारिया ला ब्लांका' हे ख्रिस्ती आहे. कारण पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याचे चर्च करण्यात आले.

येथे प्रवाशाला टोलेडोच्या इतिहासाची दुसरी बाजूही समजून घ्यावी लागते. तिन्ही समाजांचे सहजीवन सर्वकाळ सुखाचे होते, असे मुळीच नव्हे. ज्याच्या हाती सत्ता असे, त्याचे पारडे जड असे. इतरांना अधिक कर द्यावे लागत व अपमानही सोसावे लागत. चौदाव्या शतकात द्वेष वाढत गेला. १३९१ मध्ये स्पेनमधील अनेक नगरांत ज्यूंवर हल्ले झाले. टोलेडोतही कत्तल व लुटालूट झाली. अखेर ३१ मार्च १४९२ रोजी राजा फर्डिनंड व राणी इसाबेला यांनी फर्मान काढले : ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाही तर चार महिन्यांच्या आत देश सोडावा. जाताना सोने, चांदी व नाणी बरोबर नेण्याची बंदी होती. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली कुटुंबे घरे मिळेल त्या किमतीस विकून निघाली. १५०२ मध्ये कॅस्टीलमधील मुसलमानांवरही अशीच वेळ आली.

देश सोडलेले ज्यू मोरोक्को, इस्तंबूल, सालोनिका अशा दूरच्या ठिकाणी गेले. परंतु ज्या देशाने घालवून दिले, त्याची भाषा त्यांनी टाकली नाही. त्यांच्या घरांतून जुनी स्पॅनिश भाषा पाचशे वर्षे टिकली. काही कुटुंबांनी टोलेडोतील आपल्या घरांच्या किल्ल्याही जपून ठेवल्या, असे सांगतात. २०१५ मध्ये स्पेनने कायदा करून या निर्वासितांच्या वंशजांना स्पेनचे नागरिकत्व मिळविण्याची संधी दिली. तिची मुदत २०१९ मध्ये संपली. सॅम्युएल हा-लेव्हीच्या सिनेगॉगमध्ये आज स्पेनमधील ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

जवळच सान हुआन दे लोस रेयेस हा फर्डिनंड व इसाबेला यांनी बांधविलेला भव्य मठ आहे. त्याच्या बाहेरील भिंतीवर लोखंडी बेड्या टांगलेल्या आहेत. ग्रॅनाडाच्या मुसलमान राज्यातून सुटलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या त्या बेड्या होत. युद्धात दोन्ही पक्षांच्या सामान्य माणसांनी काय सोसले, याचे स्मरण त्या करून देतात.

वाटेवरच्या दुकानांत टोलेडोच्या जुन्या कलांचे दर्शन होते. येथील तलवारी एके काळी साऱ्या युरोपात नावाजलेल्या होत्या. मऊ लोखंडाच्या गाभ्यावर कडक पोलाद चढवून पाते घडवीत; त्यामुळे ते धारदार असूनही सहजासहजी मोडत नसे. १७६१ मध्ये राजाने येथे शस्त्रांचा कारखाना स्थापन केला. त्या कारखान्याच्या आवारात आज विद्यापीठ भरते. काळ्या केलेल्या पोलादावर सोन्याची बारीक तार ठोकून नक्षी काढण्याची कलाही येथे अजून जिवंत आहे. आपल्याकडे अशा कामाला कोफ्तगिरी म्हणतात. खाण्याच्या पदार्थांत बदामाचे कूट व साखर मळून केलेली 'मासापान' ही मिठाई प्रसिद्ध आहे. काही मठांतील जोगिणी ती अजून स्वतः करतात व विकतात.

नगराच्या पश्चिम टोकास सान मार्तीन नावाचा दुसरा जुना पूल आहे. त्याची एक कथा लोक आवडीने सांगतात. पुलाची मधली मोठी कमान पूर्ण होत आली, तेव्हा आपला हिशेब चुकला आहे आणि आधाराचे लाकडी फळे काढताच कमान कोसळणार, हे स्थपतीच्या लक्षात आले. बोलावे तर अब्रू जाणार, न बोलावे तर माणसे मरणार, अशा पेचात तो सापडला. त्याच्या पत्नीने एका वादळी रात्री त्या लाकडांना आग लावून दिली. कमान कोसळली, लोकांनी दोष विजेला दिला आणि स्थपतीने ती नव्याने, बिनचूक बांधली.

हा पूल ओलांडून नदीच्या पलीकडील रस्त्याने डोंगराच्या कडेकडेने गेले, की एका वळणावर सारे टोलेडो एका दृष्टिक्षेपात दिसते. दिवसाची अखेर येथे करावी. मावळत्या उन्हात घरांच्या विटा तांबूस दिसू लागतात. अल्काझारचे बुरूज, कॅथीड्रलचा मनोरा, त्यांच्याभोवती दाटीने वसलेली कौलारू घरे आणि खाली वळसा घेणारी ताहो नदी, असे हे दृश्य गेल्या चारशे वर्षांत फारसे बदललेले नाही. १५६१ मध्ये दुसऱ्या फिलिप राजाने दरबार माद्रिदला नेला आणि टोलेडोचे महत्त्व हळूहळू कमी झाले. नवे रस्ते व नव्या हवेल्या माद्रिदला झाल्या. येथे जुनेच राहिले. त्या वेळी जे दुर्दैव वाटले असेल, त्यामुळेच हे जुने नगर आज जसेच्या तसे पाहावयास मिळते. १९८६ मध्ये युनेस्कोने त्याची गणना जागतिक वारशात केली.

समोर वाहणारी ताहो नदी पश्चिमेस पोर्तुगालमध्ये शिरते व लिस्बनपाशी समुद्रास मिळते. त्या लिस्बनहूनच १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजे भारताच्या शोधात निघाली. परंतु भारताचे अंक, भारताचे बुद्धिबळ आणि पंचतंत्रातील कोल्हे हे त्याच्या चारशे वर्षे आधीच या नदीच्या काठी येऊन पोहोचले होते. त्यांना आणण्यासाठी जहाजे किंवा तोफा लागल्या नाहीत. एक माणूस वाचीत होता, दुसरा ऐकत होता आणि ऐकलेले आपल्या भाषेत लिहून ठेवीत होता. दोघांचे धर्म वेगळे होते, तरी ते एका मेजाशी बसत होते. टोलेडोत जोवर असे बसणे चालू होते, तोवर दूरदूरचे लोक येथे शिकावयास येत. आणि ज्यांच्या पूर्वजांना येथून हाकलले, त्यांच्या ओसाड मंदिरांतील कोरीव अक्षरे पाहण्यास आज तितक्याच दुरून लोक येतात. सायंकाळच्या गाडीने माद्रिदला परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात ही दोन्ही चित्रे राहतात.